वाफसा नसलेल्या रानात

नगरच्या रणगाडा संग्रहालयात आमचे नाना एकदाच आले. सगळी नोकरी प्रवरा कालव्यावर पाटकरी म्हणून केलेला माणूस. पाळी, चारी, दारं आणि बांध यांपलीकडच्या गोष्टींचं त्यांना फारसं कुतूहल नसे. चर्चिल, माटिल्डा, सेंच्युरियन असे जगभरचे रणगाडे त्यांनी चालता चालता पाहिले. थांबले ते एका पॅटनपाशी. वाकून त्याच्या पट्ट्याची रुंदी वितीने मोजली आणि वजन किती, असं विचारलं. पंचेचाळीस टनांच्या घरात, मी म्हटलं. असे कितीतरी पाकिस्तानी रणगाडे १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या खेमकरणजवळ उसाच्या शिवारात रुतून पडले होते, हेही सांगितलं. ‘पाणी चालू होतं काय?’ त्यांनी विचारलं. पाट फोडून शिवारात पाणी सोडलं होतं, मी म्हटलं. नाना जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘वाफसा नसताना कुणी घातला गं हा रानात?’

लष्करी इतिहासाची जी पुस्तकं मी तोवर वाचली होती, त्यांतल्या एकाही पुस्तकाने मला हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारला नव्हता. शेती न केलेल्या वाचकांसाठी एवढं सांगते की पाणी भरल्यावर जमीन लगेच पायाखाली घेता येत नाही. वरचं पाणी मुरतं, माती घट्टही नाही आणि चिकटही नाही अशी होते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. वाफसा येण्याआधी बैल घातला तर बैल फसतो, ट्रॅक्टर घातला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा लागतो. पंचेचाळीस टनांचं लोखंड घातलं तर काय होतं, त्याचं उत्तर नगरच्या त्या आवारात उभं आहे.

हे पुस्तक जनरल अरुण श्रीधर वैद्य यांच्या लष्करी कारकिर्दीवर आहे. २७ जानेवारी १९२६ ला अलिबागला जन्मलेला हा मराठी मुलगा एकोणिसाव्या वर्षी, जानेवारी १९४५ मध्ये, रणगाडा दलात अधिकारी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला. १९६५ मध्ये डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचं नेतृत्व करताना महावीरचक्राचा मानकरी झाला. १९७१ मध्ये ब्रिगेडियर असताना त्याला तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं. १ ऑगस्ट १९८३ ला तो लष्करप्रमुख झाला, ३१ जानेवारी १९८६ ला निवृत्त झाला आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला पुण्यात भर रस्त्यात त्याची हत्या झाली. महावीरचक्र दोनदा मिळालेले आजवर अवघे सहा जण आहेत. त्यांत रणगाडा दलाचे दोन, एक ‘स्पॅरो’ राजिंदर सिंग आणि दुसरे वैद्य.

मी सैनिक नाही आणि माझ्या घरातही कुणी सैनिक नव्हतं. तरी हे पुस्तक मी लिहिलं आणि ते भंडारदऱ्याला, धरणाच्या पायथ्याशी शेंडीत राहून लिहिलं. त्याचं कारण सांगणं हे या प्रस्तावनेचं मुख्य काम आहे असं मला वाटतं, कारण पुस्तकातला सगळा विचार त्या कारणाला धरून आहे.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. वैद्यांचा जन्मही त्याच वर्षीचा. या योगायोगाला मी काही अर्थ चिकटवत नाही. पण या धरणाने नगर जिल्ह्याचं जे केलं, त्याचा आणि वैद्यांच्या पहिल्या महावीरचक्राचा संबंध मात्र खरा आहे. रतनगड-कळसूबाईच्या अंगावर पडणारा पाऊस इथे अडतो, प्रवरेतून रंधा धबधब्याखालून पुढे जातो, ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या-उजव्या कालव्यांत वळतो आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या कोरड्या रानात पोचतो. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. ऊस होता म्हणून पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या जिल्ह्यात देशाचं रणगाडा दल शिक्षण घेतं, त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या तीन-चार पिढ्यांना पाटाचं पाणी, उंच ऊस आणि वाफसा नसलेलं रान या तीन गोष्टी पाठ आहेत. वैद्यांना पहिलं महावीरचक्र मिळालं ती खेमकरणजवळच्या असल उत्तरची लढाई समजून घ्यायला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. रणनीतीचे नकाशे घेऊन बसणाऱ्यापेक्षा रात्रीची दारं धरणाऱ्याला ती लवकर कळेल, हे मी पूर्ण विचाराने म्हणते.

लढाईकडे येण्याआधी शब्दांबद्दल थोडं. रणगाडा दलाच्या जुन्या रेजिमेंटांची नावं आजही घोड्यांची आहेत. डेक्कन हॉर्स, पूना हॉर्स, हॉडसन्स हॉर्स. घोडे केव्हाच गेले, पण तिथला साधा शिपाई आजही ‘सवार’ असतो, त्याच्यावरचा ‘दफेदार’ आणि त्याच्यावरचा ‘रिसालदार’. बखरींतून आणि कागदपत्रांतून हे शब्द आपल्याला ओळखीचे आहेत. डेक्कन हॉर्सचा उगम १७९० चा, निजामाच्या मुलखातला. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१६ मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत या रेजिमेंटने घोड्यांवरून भाल्यांनिशी हल्ला चढवला होता. म्हणून मी पुस्तकात ‘चिलखती दल’ हा शब्दकोशातला शब्द जवळपास टाळला आहे आणि सवार, रिसाला हेच शब्द ठेवले आहेत. ते त्या माणसांच्या तोंडचे शब्द आहेत.

आता १९६५. ही लढाई विजयाने सुरू झाली नव्हती, आणि ते लपवणाऱ्या पुस्तकांवर माझा राग आहे. ६ सप्टेंबरला मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन खेमकरणच्या पुढे इच्छोगिल कालव्याच्या दिशेने निघाली. तो हल्ला फसला. काही पलटणी विस्कळीत झाल्या, डिव्हिजनची ताकद घटली आणि मागे हटावं लागलं. खेमकरण शहर हातून गेलं आणि युद्धबंदीनंतरही ताश्कंद करारापर्यंत ते पाकिस्तानच्याच ताब्यात राहिलं. मागे हटलेली डिव्हिजन असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात बसली. त्या गावाच्या नावावरची कोटी आजवर पुरेशी झाली आहे, ती इथे पुन्हा करत नाही.

समोरून येत होती पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन. त्यांचा बेत मोठा होता. हा बचाव फोडायचा, बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसरसह सगळा पट्टा मागून तोडायचा. त्यांच्याकडे पॅटन होते, ९० मिलिमीटरच्या तोफेचे, त्या काळात जगात नाव असलेले. वैद्यांच्या डेक्कन हॉर्सकडे होते शर्मन. हे दोन्ही रणगाडे अमेरिकेचेच. पण शर्मन १९४२ पासूनचा, वजनाने तीसेक टनांचा, तोफ ७५-७६ मिलिमीटरची. वैद्य ज्या ब्रह्मदेशच्या मोहिमेतून आले होते, त्या मोहिमेत डेक्कन हॉर्सकडे हेच शर्मन होते. वीस वर्षांनी रेजिमेंटचा प्रमुख म्हणून उभं राहताना त्यांच्या हाताखाली त्यांच्या तरुणपणातलंच यंत्र होतं आणि समोर त्याच्या पुढच्या पिढीचं.

उघड्या मैदानावर दुरून गोळाफेक झाली असती तर शर्मनचा टिकाव लागला नसता. जवळून, बाजूने आणि न दिसता गोळा मारता आला तरच काही आशा होती. सप्टेंबरात पंजाबातला ऊस पुरुषापेक्षा उंच असतो. रणगाडे उसात लपवले गेले. पाट फोडून, बांध मोडून सखल शिवारात पाणी सोडलं गेलं. समोरून वाट मिळत नाही म्हणून पॅटन बाजूने वळसा घालायला निघाले, तसे ते चिखलात शिरले. पंजाबची ती जमीन अपर बारी दोआब कालव्यावर भिजणारी, आमच्या कालव्याखालच्या जमिनीची बहीणच म्हणा. पाणी भरलेल्या उसाच्या रानात शिरलेला माणूस दहा पावलांवर काय आहे ते पाहू शकत नाही, आणि पायही उचलू शकत नाही. ९० मिलिमीटरच्या तोफेची लांब पल्ल्याची सगळी किंमत तिथे शून्य झाली.

ही लढाई एकट्या वैद्यांची नाही. ब्रिगेडियर थिओगराज यांच्या दुसऱ्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडमधले थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सलीम केलेब होते. चौथ्या ग्रेनेडियर्सचा हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ घेऊन पिकाआडून रणगाडे टिपत राहिला आणि १० सप्टेंबरला धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पायदळ खंदक सोडून हललं नाही, तोफखान्याने साथ सोडली नाही. भारतीय हिशेबाप्रमाणे लढाईच्या तीन दिवसांत पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले. पकडलेले पॅटन नंतर भिक्कीविंडजवळ रांगेने उभे केले तेव्हा लोक त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले.

मग वैद्यांचं स्वतःचं काम कोणतं? रेजिमेंटचा प्रमुख तीन दिवस काय करतो, हे लढाईच्या वर्णनांत हरवतं. त्यांच्या सन्मानपत्रातली जी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यांच्या फिरण्याची. असल उत्तर आणि चीमा गावांच्या परिसरात, गोळाबारीत, ते एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात राहिले. उसात दडलेल्या रणगाड्याला शेजारचा रणगाडा दिसत नाही. रेडिओवर आवाज येतो, पण माणूस दिसत नाही. अशा वेळी दफेदाराच्या मनात पहिला विचार येतो तो आपण एकटे उरलो की काय हा. दोनच दिवसांपूर्वी माघार पाहिलेल्या सैन्यात तर हा विचार वणव्यासारखा पसरतो. प्रमुख स्वतः येऊन जातो तेव्हा तो विझतो. आमच्या कालव्यावर फुटीच्या रात्री सेक्शनचा साहेब बंगल्यात बसून निरोप पाठवतो की चिखलातून स्वतः बांधावर येतो, यावर किती माणसं फावडं धरून उभी राहतात ते ठरतं. नानांनी हे मला लहानपणीच सांगितलं होतं. वैद्यांबद्दल वाचताना त्याची सारखी आठवण येत होती.

१९७१ च्या डिसेंबरात मामला उलटा होता. आता पुढे जायचं होतं आणि वाटेत पाणी व सुरुंग शत्रूने पेरलेले होते. शकरगढच्या पट्ट्यात, जफरवालच्या दिशेने ब्रिगेडियर वैद्य सोळाव्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडसह चौपन्नाव्या डिव्हिजनच्या जोडीने पुढे सरकत होते. चक्रा, देहलरा, मग बसंतर नदी. सुरुंगक्षेत्रं शेकडो मीटर रुंद. त्यातून सॅपर आणि ट्रॉल लावलेले रणगाडे एक चिंचोळी वाट साफ करत जातात, आणि पलीकडे पोचलेलं पायदळ तोवर रणगाड्यांविना प्रतिहल्ल्याला तोंड देत असतं. १५ डिसेंबरच्या रात्री ती वाट पुरती साफ झालेली नसतानाच लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनी पूना हॉर्सचे सेंच्युरियन सुरुंगांतून पलीकडे नेले. उशीर झाला असता तर पलीकडचं पायदळ गेलं असतं. वैद्यांच्या दुसऱ्या महावीरचक्राच्या मुळाशी असे निर्णय आहेत. जिथे जमीन अडवते आणि थांबणं परवडत नाही, तिथे रणगाडे हलते ठेवायचे. यासाठी ते स्वतः पुढे गेले, हे दुसऱ्या सन्मानपत्रातही नोंदलेलं आहे. १९६५ ला चिखल त्यांच्या बाजूने होता, १९७१ ला विरुद्ध, आणि दोन्ही वेळा त्यांनी आधी रान वाचलं, मग यंत्राला हुकूम दिला. या पुस्तकाचं म्हणणं इतकंच आहे.

बसंतरच्या पलीकडे १६ डिसेंबरला एकवीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपालने जे केलं ते देशाला ठाऊक आहे. त्याचा रणगाडा पेटला, बाहेर पडण्याचा हुकूम आला, तोफ अजून चालते आहे म्हणून तो थांबला आणि तिथेच गेला. ढाक्याला शरणागती झाली तो हाच दिवस. खेतरपाल युद्ध सुरू झालं तेव्हा नगरला शिकत होता. तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम अर्धा टाकून तो आपल्या रेजिमेंटकडे गेला होता. त्याचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन आज नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. ज्या गावातून मुलगा निघाला तिथे त्याचा रणगाडा परत आला. मी त्याबद्दल लिहायला बसले की दोन ओळींपुढे जाऊ शकत नाही, म्हणून पुस्तकातलं ते प्रकरणही छोटं आहे.

पुढची दहा-बारा वर्षं पुस्तकात भरभर येतात. बढत्या, जबाबदाऱ्या, १९८१ पासून पूर्व विभागाचं नेतृत्व, मग लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ असताना वैद्यांची लष्करप्रमुखपदी निवड आणि सिन्हांचा राजीनामा. निवड सरकारने केली होती, आणि वैद्यांच्या लायकीबद्दल शंका घ्यायला त्यात जागा नाही, तरी ज्येष्ठतेचा प्रश्न खरा होता आणि तो मी खरा म्हणूनच मांडला आहे. एप्रिल १९८४ मध्ये सियाचीनवर सैन्य उतरलं ते त्यांच्याच काळात.

मग जून १९८४. सुवर्णमंदिरातल्या कारवाईबद्दलचं प्रकरण मी चार वेळा लिहिलं. आदेश सरकारचा होता, प्रत्यक्ष मोहीम पश्चिम विभागाचे सुंदरजी आणि त्यांच्या हाताखालचे ब्रार यांनी चालवली, पण लष्करप्रमुख वैद्य होते आणि ती जबाबदारी त्यांनी कधी दुसऱ्यावर ढकलली नाही. अकाल तख्ताची नासधूस झाली, यात्रेकरू मेले, जवान मेले, शीख पलटणींत बंडं झाली. लष्करी चरित्र लिहिणाऱ्याला इथे दोन सोप्या वाटा मिळतात, एक समर्थनाची आणि एक गप्प बसण्याची. मला दोन्ही नको होत्या. खेमकरण अमृतसरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. १९६५ ला ज्या अमृतसरवरचं संकट वैद्य आणि त्यांचे सवार उसात उभे राहून परतवत होते, त्याच अमृतसरात एकोणीस वर्षांनी त्यांच्या सैन्याचे रणगाडे देवळाच्या आवारात गेले. असल उत्तरचे सेनापती गुरबक्ष सिंग आणि त्यांच्या वरचे हरबक्ष सिंग, दोघेही शीख होते. त्या लढाईत पाणी, अन्न आणि निवारा देणारी गावं शिखांची होती. हे दोन्ही प्रसंग एकाच माणसाच्या आयुष्यात घडले, आणि वाचकाने ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत एवढीच माझी मांडणी आहे. शीख समाजाच्या जखमेबद्दल लिहिताना जिथे माझा शब्द थिटा पडला असेल तिथे त्यांनी मला खुशाल अडवावं.

१० ऑगस्ट १९८६, रविवार. मी चौदा वर्षांची होते. पावसाची झड होती, नाना पाळी संपवून आले होते आणि रेडिओवर बातमी लागली. पुण्यात स्वतः गाडी चालवत घरी निघालेल्या जनरल वैद्यांवर मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या होत्या, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी जखमी झाल्या होत्या. सुवर्णमंदिरातल्या कारवाईचा सूड घेणाऱ्या त्या मारेकऱ्यांपैकी दोघांना पुढे ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. तेव्हा मला असल उत्तर कुठे आहे हेही माहीत नव्हतं. आमच्या आळीत त्या संध्याकाळी कुणी मोठ्याने बोललं नाही, एवढं आठवतं. वैद्यांना नंतर पद्मविभूषण मिळालं. आज मराठी मुलांना विचारलं तर वैद्यांचं नाव पुण्याच्या त्या हत्येमुळेच ठाऊक असतं, तेही असलंच तर. एखाद्याचं सगळं आयुष्य त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत दडपून जावं याचा मला मनापासून त्रास होतो. हे पुस्तक म्हणूनच हत्येपासून सुरू होत नाही. ते उसात सुरू होतं.

पुस्तक वाचण्याबद्दल दोन गोष्टी. नकाशांवर मी रणगाड्यांचे बाण बारीक आणि पाट, नाले, कालवे ठळक निळे काढून घेतले आहेत. लष्करी नकाशांत ते उलटं असतं. ज्यांनी प्रवरेच्या पाण्यावर शेती केली आहे त्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ब्रह्मदेशचं प्रकरण मागाहून वाचलं तरी चालेल.

हे लिहीत असताना खिडकीबाहेर शेंडीच्या खाचरांत चिखलणी चालली होती. गुडघाभर गाळात बैलजोडी ओढत होती, मागे माणूस पाय उपसत चालला होता. शर्मन आणि पॅटनच्या वजनांचा हिशेब करताना मी बराच वेळ त्या बैलांच्या खुरांकडे पाहत बसायची. नाना आता नाहीत. त्यांनी पॅटनचा पट्टा वितीने मोजला होता तो आकडा मी वहीत टिपून ठेवला होता, आणि तो पुस्तकात नानांच्याच मापाने, वितींत दिला आहे.

शेंडी, भंडारदरा
श्रावण